तीनशे अठ्ठ्याहत्तर कोरे रकाने

शाळेच्या कार्यालयात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला मुलं टोपणनाव ठेवणारच. हेडक्लार्कचं नाव मुलांनी ठेवलं होतं टाचणी. एक तर ते दिसायचेच तसे, सरळ, बारीक, वर डोकं तेवढं गोल. शिवाय सुटा कागद दिसला की त्यांना चैन पडत नसे. तो कशाला तरी टाचल्याशिवाय ते जागचे हलत नसत. मुलं तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे टाचणी, आणि टाचणींना दोन्ही ठाऊक होतं. शाळेतलं त्यांना ठाऊक नाही असं फारसं काही नव्हतंच. कोणते सर सकाळची हजेरी दुपारी बसून भरतात, कोणत्या बाईंचं डोकं नेमकं पर्यवेक्षणाच्या दिवशी दुखतं, कोणत्या मुलाचे आजोबा वर्षातून तीनदा वारतात, हे सगळं त्यांच्याकडे तारीखवार होतं.

त्यांचा राग जगात एकाच गोष्टीवर होता, कोऱ्या रकान्यावर. रकाना कोरा राहिला की नंतर कुणीही येऊन त्यात काहीही लिहून जातं, असा त्यांचा अनुभव होता. त्यामुळे हजेरीपटात कोरा रकाना सापडला की ते त्या शिक्षकाकडे अशा नजरेने बघत, की तो शिक्षक घरी जाऊन जेवताना दोन घास कमी खाई.

तर त्या वर्षी शाळेचा निकाल सलग दुसऱ्यांदा घसरला, आणि संस्थेच्या अध्यक्षांनी एका सल्लागाराला बोलावून आणलं. सल्लागार तरुण होता, सोनेरी काड्यांचा चष्मा लावायचा आणि बोलताना हवेत चौकोन काढायचा. एक दिवस शाळेत फिरून त्याने निष्कर्ष सांगितला, की मुलं हुशार आहेत, शिक्षक उत्तम आहेत, संस्था तर आदर्शच आहे. कमी आहे ते फक्त लक्ष. हे ऐकून सगळ्यांनाच हायसं वाटलं, कारण लक्ष ही एकच गोष्ट अशी होती जिची जबाबदारी आजवर कुणाच्याच नावावर नव्हती.

मग लक्ष वाढवायची कामं निघाली. मुलं खिडकीबाहेर बघतात म्हणून खिडक्यांच्या खालच्या काचा पिवळसर रंगाने रंगवल्या. रंगारी चार दिवस काम करत होता, आणि त्या चार दिवसांत सगळी शाळा त्याच्याकडे जितक्या एकाग्रतेने बघत होती तितकी एकाग्रता त्या इमारतीने आधी कधी पाहिली नव्हती. मुलं घड्याळाकडे बघतात म्हणून वर्गातली घड्याळं उतरवली. त्यावर मुलं एकमेकांना किती वाजले ते विचारायला लागली आणि शिक्षक स्वतःच्या मनगटाकडे बघायला लागले. भिंतीवरचे नकाशे आणि हाडांच्या सापळ्याचं चित्र काढून ठेवलं. त्यांच्या जागी भिंतीवर जे फिकट चौकोन उरले, त्यांतल्या एकात सातवी ब मधल्या मुलांना मुख्याध्यापिकांचा चेहरा दिसू लागला. शेवटी प्रत्येक फळ्यावर ‘लक्ष इकडे’ असा बाण काढलेली पाटी ठोकली. सातवी ब मधल्या पाटीचा एक खिळा ढिला निघाला, तिने मान टाकली, आणि वर्षभर तिचा बाण बरोबर खिडकीकडे राहिला.

हे सगळं झाल्यावर लक्ष वाढलं की नाही हे मोजायला हवं, आणि मोजायचं म्हटलं की रजिस्टर हवं. रजिस्टर म्हटलं की टाचणी.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी टाचणींना बोलावून सांगितलं, की तुम्ही वर्गात मागच्या बाकावर बसायचं आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येक मुलाचं लक्ष कुठे आहे ते लिहायचं. प्रत्येक शिक्षकाचे सहा तास मोजायचे. टाचणींनी आठवडाभर खपून रजिस्टर आखलं. पस्तीस मिनिटांचा तास, सात फेऱ्या, वर्गात बेचाळीस मुलं, म्हणजे एका तासाचे दोनशे चौऱ्याण्णव रकाने. खुणाही त्यांनीच ठरवल्या. समोर बघणाऱ्याला स, खिडकीकडे बघणाऱ्याला ख, शेजाऱ्याशी बोलणाऱ्याला शे, वहीत चित्र काढणाऱ्याला व आणि झोपलेल्याला झो. फक्त स म्हणजे लक्ष, बाकी सगळं दुर्लक्ष. खाली त्यांनी आठ नियम लिहिले. त्यातला सातवा नियम लिहिताना त्यांचा हात जरा जास्तच खूश होता: ‘रकाना कोरा राहिल्यास त्या फेरीत वर्गाचे लक्ष शून्य समजावे.’ एकतीस वर्षांचा राग एका ओळीत बसला.

सल्लागाराला रजिस्टर इतकं आवडलं की त्याने त्याचा फोटो काढला. अध्यक्षांनी तिथल्या तिथे ठरवलं, की ज्या तात्पुरत्या शिक्षकांचा आकडा पंचाहत्तरच्या खाली येईल त्यांचा नेमणुकीचा आदेश पुढच्या वर्षी निघणार नाही. असे तात्पुरते शिक्षक शाळेत किती? एकच. विज्ञानाच्या नव्या बाई.

नव्या बाईंना शाळेत येऊन तीन वर्षं झाली होती, पण दर वर्षी दहा महिन्यांचाच आदेश निघायचा, आणि आदेश नवा म्हणून बाईही नव्याच. त्यांची फाइल टाचणींनीच लावली होती. तीन आदेश, भाड्याच्या घरांचे तीन पत्ते, आणि ‘अडचणीच्या वेळी कुणाला कळवावे’ या रकान्यात तिन्ही वेळा एकच शब्द: आई. तीन वर्षांत रजा दोन, दोन्ही दाढदुखीच्या, दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, चिठ्ठी टाचलेली. टाचणींच्या हिशेबी एवढा पुरावा माणूस ओळखायला पुरेसा होता.

मोजणी सातवी ब मध्ये, गणिताच्या सरांपासून सुरू झाली. सरांचा वर्ग म्हणजे दुकानात मांडून ठेवलेली मडकी. सगळी तोंडं एका दिशेला, कुणी हलत नाही, माशी बसली तरी हाकलत नाही. टाचणी स, स, स, स लिहीत गेले. आकडा आला शहाण्णव. पण तिसऱ्या तासाला त्यांना शंका आली. शेजारच्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी होती. तिची नजर सरांवरून हलत नव्हती, आणि सरांनी तिला प्रश्न विचारला तेव्हा तिने भलत्याच धड्यातलं उत्तर दिलं. तास संपल्यावर टाचणींनी हळूच विचारलं, की तुझं लक्ष होतं की नव्हतं?

“काका, सांगू नका कुणाला,” ती म्हणाली. “सरांच्या चष्म्याची दांडी आहे ना, कानाजवळची, तिच्याकडे बघत राहायचं. डोळे तिथे ठेवले की आपण कुठेही जाऊन येऊ शकतो.”

“आणि तू कुठे जाऊन आलीस?”

“मावशीकडे,” ती म्हणाली. “तिकडे कुत्रीला पिल्लं झालीत.”

टाचणींनी रजिस्टर बघितलं. तिच्या नावापुढे सातही स. नियमात मावशीकडे जाण्यासाठी खूण नव्हती. त्यांनी पान उलटलं.

मग नव्या बाईंचा पहिला तास आला आणि टाचणींचा हात दुखायला लागला. मुलं सारखी मागे वळत होती, शेजाऱ्याशी भांडत होती, एकाचं म्हणणं होतं की लोखंड पाण्यात बुडतं तर जहाज का नाही, दुसरा त्याला वहीत चित्र काढून दाखवत होता. टाचणींनी चित्राला व लिहिलं, भांडणाला शे लिहिलं, आणि छताकडे बघत विचार करणाऱ्या मुलासाठी खूणच नसल्यामुळे त्याला ख मध्ये ढकललं. आकडा अठ्ठावन्न. दुसऱ्या तासाला एकसष्ट. बाईंचं काही खरं नाही, असं टाचणींना वाटलं, पण रकाने मात्र सगळे भरले होते, म्हणून झोप लागली.

तिसऱ्या तासाला बाई स्पिरिटचा दिवा, दोन चंचुपात्रं आणि पाव लिटर दूध घेऊन आल्या. त्यांनी विचारलं, की घरी दूध उतू जातं, पाणी का उतू जात नाही? दोन्ही उकळतातच ना? मुलांनी आरडाओरडा करून सात कारणं सांगितली. बाईंनी सातही फळ्यावर लिहिली आणि खरं कुठलं ते सांगितलं नाही. दिवा पेटवला. एका पात्रात पाणी ठेवलं. ते उकळलं, बुडबुडे आले, फुटले, आले, फुटले, संपलं. इथपर्यंत टाचणींच्या दोन फेऱ्या रीतसर झाल्या. मग बाईंनी दुधाचं पात्र ठेवलं आणि म्हणाल्या, आता कुणी बोलू नका, फक्त वरच्या सायीकडे बघा.

त्यानंतर काय झालं ते टाचणी रजिस्टरवरून सांगू शकत नाहीत. साय आली, ती पातळ होती, मग सुरकुतली, मग तिच्या मध्यावर एक फुगवटा आला आणि दबला. बाई हळू आवाजात सांगत होत्या, की खाली वाफ होते आहे, वाफेला वर यायचंय, पण वर साय झाकणासारखी बसली आहे. पाण्यावर झाकण नाही म्हणून बुडबुडा येतो आणि फुटून जातो, इथे बुडबुड्यांना फुटायला वावच नाही, आणि खालून आणखी येतायत, आणखी येतायत. फुगवटा पुन्हा आला. या वेळी तो दबला नाही. दूध पात्राच्या काठावर आलं आणि तिथेच बाईंनी दिवा बाजूला केला. म्हणाल्या, की आता सांगा, पातेल्यावर आडवा लाकडी चमचा ठेवला तर काय होईल? आत्ता नको, विचार करून या.

आणि घंटा झाली.

टाचणींनी खाली बघितलं. उजव्या हातात पेन होतं, टोपण डाव्या हातात होतं, आणि दुसऱ्या फेरीनंतरचं पान कोरं होतं. पाच फेऱ्या, बेचाळीस मुलं, दोनशे दहा रकाने. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. आपल्या कपड्यांवर काही सांडलंय की काय, असं बघावं तसे ते रजिस्टर उलटसुलट करून बघत राहिले.

घरी त्यांची ख्याती वेगळी होती. बायको बोलत असली की टाचणी वर्तमानपत्रामागून हं म्हणत. सदतीस वर्षांच्या संसारात हे हं इतकं मुरलं होतं, की बायको मधूनच परीक्षा घ्यायची. अहो, गच्चीवर कुणीतरी हत्ती बांधून गेलंय. हं. त्याला गाजरं घालू का? हं. शाळेत तुम्ही इतरांच्या पोरांचं लक्ष मोजता म्हणे, असं ती हल्ली शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची.

त्या संध्याकाळी मात्र टाचणी थेट स्वयंपाकघरात गेले. बायकोने दूध तापायला ठेवलंच होतं. “अगं, तुला माहितीये का, हे उतू का जातं?” त्यांनी सुरुवात केली, आणि साय, वाफ, झाकण, फुगवटा असं हातवारे करून सांगायला लागले. ओट्याला टेकून बायको ऐकत राहिली. नवरा आपणहून इतकी वाक्यं बोलतोय हे तिने कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, आता वाफेला वाट नाही, मग ती काय करते, सगळी सायच उचलते. आणि त्याच क्षणी मागे फस्स असा आवाज झाला. दूध ओट्यावरून खाली जमिनीवर आलं होतं. रोज नुसत्या वासावरून गॅस बंद करणाऱ्या बाईला आज पत्ताच लागला नव्हता.

“घ्या,” बायको फडकं शोधत म्हणाली. “उदाहरणासकट शिकवलंत.”

टाचणी मात्र दुधाकडे बघत नव्हते. ते बायकोकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, की हिचा रकाना आता मी काय भरू? ही समोर बघत होती का? हो. मग गॅसवर हिचं लक्ष होतं का? नाही. मग हे लक्ष झालं की दुर्लक्ष?

चौथ्या तासाला ते पेनं तीन घेऊन गेले आणि मागचा बाक सोडून, खुर्ची पुढे नेऊन, मुलांकडे तोंड आणि फळ्याकडे पाठ करून बसले. म्हणजे धड्याचा मोहच नको. तीन फेऱ्या शिस्तीत झाल्या. पण मग मुलांचे चेहरे बदलायला लागले. दोन वेण्यांच्या मुलीचं तोंड उघडं राहिलं, छताकडे बघणारा छत सोडून उभा राहिला, आणि पाठीमागे असं काय चाललंय हे न बघता नुसतं तोंडांकडे बघत बसणं टाचणींच्याने झालं नाही. त्यांनी मान वळवली. चार फेऱ्या कोऱ्या. एकशे अडुसष्ट रकाने. आदल्या दिवशीचे धरून तीनशे अठ्ठ्याहत्तर.

नियम सात लावला तर तिसऱ्या तासाचा आकडा सोळा येत होता आणि चौथ्याचा सव्वीस.

गणिताच्या सरांनी कार्यालयात येऊन रजिस्टरवर नजर टाकली आणि हसले. म्हणाले, की यात एवढं काय, दुपारी बसून स, स, स भरून टाका. आम्ही हजेरी भरतो तशी. टाचणींनी त्यांच्याकडे ती नजर टाकली, पण या वेळी नजरेत जोर नव्हता, कारण हिशेब त्यांनी आधीच करून पाहिला होता. ते रकाने स ने भरले असते तर नव्या बाई बहात्तरवर जात होत्या, आणि दोन तास अजून हातात होते. सर गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं, पेन उघडलं, पहिल्या कोऱ्या रकान्यावर टोक ठेवलं. पण त्या वेळी पहिल्या बाकावरचा मुलगा कुठे बघत होता, हे त्यांना आठवेना. दुसऱ्या बाकावरची मुलगी? आठवेना. आठवत होतं ते फक्त चंचुपात्र. न बघितलेली गोष्ट त्यांनी आयुष्यात लिहिली नव्हती. पेनाचा एक ठिपका मात्र त्या रकान्यात उमटला, आणि तो आजही तिथे आहे.

मधल्या सुट्टीत नव्या बाई स्वतःच आल्या.

“काका, माझा आकडा किती झालाय?”

टाचणींनी रजिस्टर त्यांच्याकडे वळवलं. बाईंनी बोट ठेवून ओळी वाचल्या. “हे शून्य कसलं?”

“नियम सात.”

“कुणी केलाय हा नियम?”

टाचणींनी गोंदाची बाटली उगीचच सरळ केली. “मी.”

“मग त्या वेळी तुम्ही कुठे होतात? वर्गात तर होतात.”

“वर्गातच होतो,” टाचणी म्हणाले, आणि नंतरचं वाक्य त्यांना एखाद्या गुन्ह्याच्या कबुलीसारखं सांगावं लागलं. “ऐकत होतो.”

बाई क्षणभर हसल्या. मग त्यांचा चेहरा पुन्हा रजिस्टरवर आला. उन्हाळ्यात घरमालक बदलायचा की नाही हे त्या पानावर ठरणार होतं, आणि ते टाचणींइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

“दोन तास राहिलेत ना,” बाई म्हणाल्या. “मुलं समोर बघतील. बघाच तुम्ही.”

आणि मुलं समोर बघायला लागली. पाचव्या तासाला बाईंनी सगळ्यांना हाताची घडी घालायला लावली आणि पुस्तकातला धडा वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, स्वाध्यायासकट. छताकडे बघणाऱ्याला दोनदा हटकलं. चमच्याचं काय, असं एकाने विचारलं तर त्याला खाली बसवलं. टाचणींनी दोनशे चौऱ्याण्णव रकाने भरले. एकही खाडाखोड नाही. एवढं देखणं पान त्यांच्या हातून कधी उतरलं नव्हतं, आणि ते भरताना त्यांना तीन जांभया आल्या. आकडा चौऱ्याण्णव. सहाव्या तासाला पंचाण्णव.

बाहेर पडताना दोन वेण्यांची मुलगी त्यांच्याजवळ रेंगाळली. “काका, बाईंना चष्मा नाहीये ना. कुठे बघायचं कळेना.”

“मग?”

“कानातल्यावर भागवलं,” ती म्हणाली. पण तिला मजा आलेली दिसत नव्हती.

सहा तासांची सरासरी आली अठ्ठावन्न.

निकालाच्या सभेला अध्यक्ष, मोठ्या बाई, संस्थेचे दोन सभासद आणि शिक्षकांतर्फे गणिताचे सर असे पाच ऐकणारे होते. सल्लागार बोलणारा होता आणि टाचणी इतिवृत्त लिहिणारे. सल्लागाराने पडद्यावर आलेख दाखवले. प्रत्येक आलेखात एक रेघ वर चढत होती, आणि ती कशाची आहे हे तो पुढच्या आलेखात सांगणार होता. पस्तीस मिनिटं झाली. मग नव्या बाईंचं नाव निघालं. अठ्ठावन्न म्हणजे विषयच संपला, असं अध्यक्ष म्हणाले आणि पुढचा विषय घ्यायला सांगितलं.

टाचणी उभे राहिले. सभेत ते कधी उभे राहिले नव्हते, त्यामुळे त्यांना काही हवंय असं वाटून सभासदांपैकी एकाने त्यांच्याकडे पाण्याचा पेला सरकवला. त्यांनी रजिस्टर उघडून शेरा वाचून दाखवला. शेऱ्याखाली सही होती, तारीख होती आणि शिक्काही होता: ‘तिसऱ्या व चौथ्या तासाच्या काही फेऱ्यांची नोंद होऊ शकली नाही. कारण, नोंद करणारा धडा ऐकत होता.’

सल्लागार म्हणाला, की हा मोजणाऱ्याचा दोष आहे, मुलांच्या लक्षाशी याचा काही संबंध नाही.

“बरोबर,” टाचणी म्हणाले. “मुलांचं मला सांगता येणार नाही, मी बघत नव्हतो. मी फक्त एका माणसाची खात्री देतो. माझी. एकतीस वर्षं माझा रकाना कोरा राहिला नव्हता.”

अध्यक्षांनी हात हलवला. म्हणाले, एका माणसावरून नियम बदलत नाहीत.

“म्हणून मी आज आणखी पाच मोजले,” टाचणी म्हणाले आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. सवयीने आखला होता, सात फेऱ्यांचा. त्यांनी तो हजेरी घ्यावी तसा वाचला. पहिल्या फेरीत, समोर तीन, फोनमध्ये दोन. तिसऱ्या फेरीत, समोर एक, फोनमध्ये दोन, खिडकीकडे मोठ्या बाई, कागदावर मासे काढताना गणिताचे सर. पाचव्या फेरीपासून, आणि इथे टाचणींनी आवाज जरा खाली आणला, अध्यक्षांच्या नावापुढे सलग तीन वेळा झो.

गणिताच्या सरांनी माशांवर हात ठेवला. मोठ्या बाईंना खोकला आला. सल्लागाराने विचारलं, की सरासरी किती येते? मग त्याचं त्यालाच ते विचारायला नको होतं असं वाटलं.

“चौतीस,” टाचणी म्हणाले. “हा कागद इतिवृत्ताला टाचू का?”

अध्यक्ष पूर्ण जागे झाले. असा माणूस जागा झाला की निर्णय किती भराभर होतात, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं. कागद टाचायची गरज नाही, असं ठरलं. तांत्रिक कारणाने नोंद अपुरी राहिली असल्याने नव्या बाईंचे तिसरा आणि चौथा हे दोन तास रद्द समजावेत, असंही ठरलं. उरलेल्या चार तासांची सरासरी टाचणींनी जागेवर काढून दिली: सत्त्याहत्तर. बाई पास. आदेश काढा. आणि वर्गात काम सोडून धडा ऐकत बसलेल्या कर्मचाऱ्याला, मोठ्या बाईंनी सुचवल्याप्रमाणे, एकाग्रतेच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवावं, हेही एकमताने ठरलं.

इतिवृत्त टाचणींनीच लिहिलं. लिहिताना त्यांच्या ध्यानात आलं, की बाईंनी ज्या दोन तासांना सगळ्यात चांगलं शिकवलं ते रद्द झाले, आणि ज्या दोन तासांना काहीच शिकवलं नाही त्यांच्या जोरावर त्यांची नोकरी टिकली. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्यांना सुचलं नाही. त्यांनी तशीच खाली सही केली.

आदेश हातात दिला तेव्हा नव्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “सोमवारी सातवी ब ला चमचा घेऊन जाणार आहे. तुम्हीही या, काका. रजिस्टर न घेता.”

सोमवारीच टाचणींचं प्रशिक्षण होतं.

प्रशिक्षण त्याच सल्लागाराचं होतं. वेगवेगळ्या शाळांतून पाठवलेली वीस माणसं ओळीने बसली होती, आणि मागच्या बाकावर एक पोरगेलासा मदतनीस रजिस्टर घेऊन बसला होता. टाचणींनी तिरकं बघून घेतलं. त्याने रेघा वाकड्या मारल्या होत्या. सल्लागाराने हवेत पहिला चौकोन काढला. टाचणींनी पाठ ताठ केली, हाताची घडी घातली, त्याच्या चष्म्याच्या दांडीवर, कानाजवळ, नजर टेकवली, आणि निघाले. जिना चढून, फिकट चौकोनांच्या भिंतीवरून, मान टाकलेल्या पाटीखालून ते सातवी ब मधल्या मागच्या बाकावर जाऊन बसले. दूध तापत होतं. साय धरली होती. पात्रावर आडवा चमचा होता आणि बेचाळीस तोंडं त्याच्यावर वाकली होती. काय झालं ते मात्र त्यांना दिसेना, कारण जे त्यांनी बघितलं नव्हतं ते त्यांना मनानेही भरता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते प्रमाणपत्र घेऊन घरी आले. वीस जणांत पहिले. लक्ष शंभर टक्के. बायकोने ते उजेडात धरून वाचलं, पुन्हा वाचलं, आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

“आता सांगा, दोन दिवस काय शिकवलं?”

टाचणींनी बराच वेळ प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

“दांडी सोनेरी होती,” ते म्हणाले.